डोहातून काढलेला डोंगा
जवसाच्या तेलाचा वास आला की मला माझी हुशारी आठवते. कापूस घरात छतापर्यंत पडून होता, विकत घ्यायला कुणी नव्हतं, त्या वर्षी वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यवतमाळला दवाखान्यात होते. पैनगंगेवर पूल झाला तरी आजोबांचा सागवानी डोंगा, नदी ओलांडायची होडी, मोठेबाबा दगड भरून डोहात बुडवून जपत. कुजेल म्हणून मी तो काढला, तेल चोपडून अंगणात उन्हात ठेवला. ते परतले तेव्हा तळाला बोटभर भेग होती. “पान्यात होता म्हनून जित्ता होता बापू. तुले काढाले कोनं सांगतलं?” एवढंच बोलले. मग भेग मिटेल म्हणून रोज धापा टाकत डोंग्यात घागरी ओतत राहिले. पाणी अंगणभर वाहून जाई. ही फजिती मी घरात रंगवून सांगतो; घागरींपाशी आलो की मात्र गोष्ट संपली म्हणतो.