साचेखात्यातले हात

परवा काळाचौकीची खोली रिकामी करताना तळहाताएवढा आरसा सापडला. माझी धाकटी बहीण सुशी बहिरी. त्या आरशात ओठ बघून ती बोलायला शिकायची. घरात हातवारे चालणार नाहीत, नाहीतर मुलगी कधी बोलणार नाही, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून सरावाच्या वेळी मी रिबिनीने तिचे हात पाठीमागे बांधायची. मी दहा वर्षांची होते आणि ते काम मला आवडायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. त्या संध्याकाळी सुशीला ‘पाणी’ म्हणायचं होतं. म्हटल्याशिवाय तांब्या मिळणार नव्हता. तेवढ्यात समोरच्या चाळीच्या गॅलरीतून भिकाजीकाकांनी आमच्या वडिलांना, आप्पांना, हातानेच काही सांगितलं. दोघं मिलच्या साचेखात्यातले. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनीच बोलत. उद्या मिल बंद, शिवाजी पार्कला सभा, लवकर निघायचं. एक शब्द न बोलता सगळं ठरलं.

सुशी टक लावून बघत होती. मग पाठ फिरवून तिने बांधलेले हात आप्पांपुढे धरले.

“सोड तिला,” आप्पा मला म्हणाले.

“पण बाई म्हणाल्यात...”

“बाईंना एक दिवस साच्यावर उभं कर.”

मी गाठ सोडली. सुशीने ओंजळ ओठांशी नेली. आप्पांनी हातानेच विचारलं, किती?

तेव्हा मला वाटलं, धडा फुकट गेला. आता मिल नाही, आप्पा नाहीत. साचेखात्यातलं ते बोलणं आमच्यात फक्त सुशीला येतं.