पुष्पाच्या रुखवतातला रणगाडा

उद्या आखिती, म्हणजे अक्षय तृतीया. कित्येक महिने इथे एक ओळही लिहिली नाही, माफ करा.

माझ्या मैत्रिणीच्या रुखवतात रणगाडा होता.

मॅटीच्या कापडावर, क्रॉस स्टिचचा, हिरवा. शेजारी करंज्या आणि लोकरीचा ससा.

पुष्पाला जाऊन आज वर्ष झालं.

आम्ही दोघी वडवणीच्या. तिचे वडील, आण्णा, फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर. ती शाळेत असतानाच ते गेले. घरात त्यांचा एकच फोटो, रणगाड्यावर हात ठेवून उभे.

तिचं लग्न ठरलं ते दुष्काळाच्या साली. साखर कारखान्याने आवारात सामुदायिक विवाह ठेवले होते. भांडी घासायला पाणी नाही, म्हणून जेवण कागदी पत्रावळींवर. पण रुखवतासाठी प्रत्येक नवरीला एक टेबल मिळणार होतं.

फोटोवरून नमुना आम्ही दोघींनी उतरवला, माझ्या कॉलेजच्या ग्राफ पेपरवर. एक चौकोन, एक फुली.

तिची काकू करवादली, "अगं बये, मोर काढ, हंस काढ. रनगाडा कुनी मांडतं का?"

"मोर काय माज्या लग्नाला येनार हाय का?"

मी विचारलं, "आणि आण्णा? ते कुठे काढायचे?"

"मानसाचं तोंड फुल्यांनी नीट येत न्हाई. ते आत बसलेत."

"दिसत नाहीत."

"ड्रायव्हर बाहीरून दिसतो व्हय, येडे?"

निम्म्यातच हिरवा दोरा संपला. बाजारात त्या शेडची लडी मिळेना. मग खालच्या पट्ट्याला काळपट हिरवा लावला.

"चिखल लागलाय म्हनायचं."

त्या साली चिखल! लई हसलो.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाचे मामा रुखवत बघायला आले. "तोफ आमच्या वऱ्हाडाकडं कावून रोखलीय?"

पुष्पाने मुंडावळ्या सावरल्या, कापड काढलं आणि उलटं टांगलं. तिच्या कामाची मागची बाजू पुढच्याइतकीच साफ असायची, एक गाठ दिसायची नाही.

तोफ वळली ती थेट स्टेजकडे. तिथे कारखान्याचे एक डायरेक्टर केव्हाचे बोलत होते.

"आता भाषन संपंल बगा," मामाच म्हणाले.

ती शिरूर कासारला नांदायला गेली. दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. एका वर्षी परत आली, तर बंद घरात वाळवीने कापड खाल्लेलं.

फोनवर मीच रडले. ती म्हणाली, "नमुना हाय ना तुज्याजवळ? मग झालं. एकदा पाऊसपानी नीट होऊ दे, दोघी बसू."

बसलो नाही. कधी ती तोडीवर, कधी मला सुट्टी नाही. आता सुट्टी आहे, तर ती नाही.

परवा तिच्या लेकीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय.

"मावशी, आईचा नमुना देतीस का? रुखवतात मांडायचाय."

मी "बघते" म्हणाले. "देते" म्हणाले नाही.

झेरॉक्स काढून पाहिली. पुष्पाची पेन्सिल तिच्यात नीट उमटत नाही. बारीक फुल्या, चुकलं तिथे खोडरबराचे डाग, कोपऱ्यात तिच्या तेलकट बोटाचा ठसा. तिच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे. वर्षभर किती वेळा उघडून बसले. हे प्रेम, की नुसता हावरेपणा? मला खरंच सांगता येत नाही.

फोन ठेवता ठेवता लेकीने विचारलं होतं, "रनगाड्यात किती मानसं बसत्यात गं?"

"चार. तुझी आई सांगायची."

"मग आईला जागा हाय."

पुष्पे, आण्णांजवळ बस. इथे पाऊसपाणी अजून तसंच आहे. तुझी आठवण मात्र आटत नाही गं.

उद्याचं काम: सकाळच्या एसटीने शिरूरला जाऊन नमुना लेकीच्या हातात देणे. झेरॉक्स नाही, मूळ कागद.