खंडेनवमीची नोंद

पनवेलच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडे खंडेनवमीला रेकॉर्ड रूममधली यंत्रं अर्धा तास बंद ठेवून पूजा करतात. त्या वर्षी मी शटडाउन दिलं, पण सर्व्हर बंद होईना. आदल्या संध्याकाळी आमच्या एंट्री ऑपरेटर बाईंनी जुन्या केसपेपरांच्या स्कॅनचा मोठा गठ्ठा चढवला होता आणि त्यांची शोधसूची अजून बनत होती.

"अहो साहेब, आरती खोळंबलीय! तुमच्या मशीनला काय आमंत्रण द्यायचं?" मॅनेजर ओरडले. सगळे हसले. मी बटण दाबून धरलं. दिवा विझला. मग मीच त्याला हळदीकुंकू वाहिलं.

दसऱ्याची सुट्टी संपली, तेव्हा कुठलंही नाव टाका, उत्तर एकच: काही सापडले नाही. केसपेपर सगळे डिस्कवर होते. कुठला कुठे आहे हे सांगणारी सूची तेवढी मोडली होती. खिडकीशी उरणकडचे एक आजोबा उभे होते. बायकोच्या ऑपरेशनसाठी जुने पेपर हवे होते. "पोरी, हाय का नाय, तेवढं सांग," ते पुन्हा पुन्हा बाईंना विचारत होते.

दुरुस्ती अवघड नव्हती. शोधाची सेवा थांबवायची, बिघडलेलं फोल्डर जसंच्या तसं बाजूला कॉपी करायचं, सूची पुसायची आणि मूळ फाइलींवरून नवी बांधायची. कॉपी करण्याआधी मी लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो ती नोंदींची फाइल, उघडला. त्यात स्पष्ट होतं, सूची लिहिली जात असताना वीज तोडली गेली. वेळ आरतीची.

बाजूच्या कॉपीत मी सगळं घेतलं, ती एक लॉगची फाइल सोडून. मग ती पुसली. हे आजवर कोणाला बोललेलो नाही.

नवी सूची बांधायला चार तास लागले. सर्व्हरची खोली म्हणजे काचेचं कपाटच. आत पंख्यांची घरघर, स्क्रीनवर टक्के. बाहेर मॅनेजर हातवारे करत होते आणि बाई मान खाली घालून उभ्या होत्या. आवाज येत नव्हता, पण काय चाललंय ते कळत होतं. उठून दार ढकललं की झालं. बारा टक्के. एकोणीस टक्के. मी खुर्चीला चिकटलो होतो. पंचवीस झाले की जाऊ, असं ठरवलं. मग चाळीस झाले की. शेवटी मॅनेजरच आत डोकावले. "तिच्या त्या गठ्ठ्यानेच झालं ना?"

"लोड आला असेल," मी म्हणालो.

आजोबांना दुपारी पेपर मिळाले. बाईंना माफीनामा लिहून द्यायला सांगितलं. त्या तो घेऊन माझ्याकडेच आल्या. "सर, बघा ना जरा, नीट लिहिलंय का? माझं इंग्रजी तसलंच." त्यांनी लिहिलं होतं, माझ्या निष्काळजीपणामुळे सर्व्हर बिघडला. मी एक स्पेलिंग दुरुस्त केलं. त्या थँक्यू म्हणाल्या.

मॅनेजर निवृत्त झाले. दर वर्षी पूजेला सर्व्हर वेळेवर बंद होतो, कारण आदल्या दिवशी मी कोणालाच काही चढवू देत नाही. बाईंशी रोज बोलणं व्हायचं. त्या डबा उघडताना मला आधी विचारायच्या. मला तो घास गिळवत नसे, आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांनी खारघरच्या एका हॉस्पिटलात अर्ज केला. त्या राहतात त्या रोडपालीहून ते जवळ पडतं आणि हुद्दाही वरचा होता. "सर, तुमचं नाव दिलंय हं मी. चांगलं सांगा."

फोन आला. मी त्यांच्या कामाची भरभरून स्तुती केली, एक शब्दही खोटा नव्हता. पलीकडची बाई म्हणाली, "तुमच्या ऑफिसने पाठवलेल्या त्यांच्या फाइलमध्ये एक माफीनामा आहे. सर्व्हर बिघडल्याचा. तो काय प्रकार होता?"

मी त्याच काचेच्या खोलीत होतो. दार लावलेलं होतं, ऐकणारं कोणी नव्हतं.

"होतं हो माणसाकडून एखाद वेळेस," मी म्हणालो. "मनाने फार चांगल्या आहेत त्या."

ती जागा त्यांना मिळाली नाही.