आईनं गिरवलेली मायबोली

‘तुझी मायबोली कोणती?’ असं कुणी विचारलं, की सेर्पुही ताठ मानेनं ‘आर्मेनियन’ म्हणायची आणि मग दिवसभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही. कारण तिची माय ती बोली तिच्याशी कधी बोललीच नव्हती. तुर्कस्तानात मराशकडच्या त्यांच्या गावात आर्मेनियन माणसं कितीतरी पिढ्या तुर्कीच बोलत आलेली. देवळात पाद्री आर्मेनियनमध्ये प्रार्थना म्हणायचा आणि अक्षर न कळता सगळे भक्तिभावानं ‘आमेन’ म्हणायचे. पुढे कत्तली सुरू झाल्या आणि गाव सुटलं. बर्फातल्या पळापळीत आईचा हात सुटला, आणि पाच वर्षांची पोर कुणाकुणाच्या गाडीतून, खांद्यावरून जेरुसलेमला आर्मेनियन मठाच्या अनाथाश्रमात येऊन पडली.

आश्रमात नियम असा, की जो तुर्की बोलेल त्याला रविवारचा मनुकांचा शिरा नाही. पोटापुढे जिभेचं काय चालणार? एका हिवाळ्यात सेर्पुहीची तुर्की पार आटली. मास्तरीणबाई सांगायच्या, की पंधराशे वर्षांपूर्वी एका साधूनं बसून ही अक्षरं घडवली, म्हणून आपण अजून आहोत. राज्यं गेली, गावं गेली, अक्षरं राहिली. ते ऐकताना अंगावर काटा यायचा. रात्री मात्र आईचा चेहरा आठवायला जावं, तर चेहरा यायचा आणि त्याचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही.

वीस वर्षांची झाल्यावर आश्रमातच वाढलेल्या नशान चांभाराशी तिचं लग्न झालं, आणि ती शहराच्या तटाबाहेरच्या नव्या वस्तीत योखेवेद नावाच्या यहुदी बाईकडे धुण्या-इस्त्रीला जाऊ लागली. ते घर म्हणजे एक अजबच प्रकरण होतं. नवऱ्यानं फर्मान काढलेलं, की घरात फक्त हिब्रू. योखेवेद रशियाकडच्या ओदेसाची. तिला हिब्रू येत होती ती प्रार्थनेपुरती. मीठ मागायला, दूध उतू गेलं म्हणून करवादायला तिच्यापाशी शब्दच नव्हते. ते ती शिकत होती चार वर्षांच्या लेकीकडून. तिर्झा बालवाडीतून घरी आली, की आई विचारायची, “आज काय काय आणलंस?” आणि पोरगी आज ‘चाळणी’ आणलीय, ‘शिंक’ आणलीय, असं एकेक पुढ्यात ठेवायची.

सेर्पुहीच्या हातातली इस्त्री थांबायची. दोन हजार वर्षं पोथीत झोपलेली भाषा उठून स्वयंपाकघरात आली, आणि आली ती कुणाचं बोट धरून, तर या शेंबड्या पोरीचं! देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय म्हणायचं?

तिर्झाच्या त्या शब्दांवर सेर्पुहीही तोडकीमोडकी हिब्रू बोलू लागली. एकदा दोघींनी तिर्झाच्या पाटीवर लिहून पाहिलं. योखेवेदनं हिब्रूत, उजवीकडून ‘आई’ लिहिलं, सेर्पुहीनं आर्मेनियनमध्ये, डावीकडून. दोन्ही शब्द पाटीच्या मधोमध समोरासमोर आले. एकाची अक्षरं चौकोनी, एकाची आकड्यांसारखी वळलेली. एकही रेघ जुळेना. “पण हा शब्द आपण दोघीही आईकडून नाही शिकलो,” योखेवेद म्हणाली.

त्याच घरात योखेवेदची आई फ्रेदा होती. ओदेसाहून आल्यापासून म्हातारी गप्प. तिला फक्त यिद्दिश येई, तिकडच्या यहुद्यांची घरची बोली, आणि नातीला फक्त हिब्रू. नात मांडीवर बसायची, म्हातारी केस विंचरायची आणि बोलायची ती चुलीवरच्या पातेल्याशी. सेर्पुहीला ते बघवायचं नाही.

ईस्टरला सीरियातल्या अलेप्पोहून आलेली एक यात्रेकरू बाई मठाच्या अंगणात सेर्पुहीशी बोलत बसली. माहेरचं आडनाव आणि गाव ऐकून ती चपापली. म्हणाली, आमच्या निर्वासितांच्या छावणीत तुर्वांदा नावाची बाई आहे, तिची पोर बर्फात हरवली होती. परत गेल्यावर तिचा निरोप आला, की आई जिवंत आहे, नाताळच्या यात्रेकरूंबरोबर येतेय.

नशान तर नाचायचाच बाकी होता. सेर्पुही मात्र भिंतीला टेकून बसली. “मी बोलू काय तिच्याशी? ती पातेल्याशी बोलत बसेल माझ्या घरी.”

नशान म्हणाला, कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला तुर्की येते, त्याला मध्ये बसवू. सेर्पुही भडकली. पंधरा वर्षांनी आई भेटणार आणि मध्ये कॉफीवाला? मग ती स्वतःच त्याच्याकडे तुर्की शिकायला जाऊ लागली. पण काय व्हायचं कोण जाणे, शब्द ओठाशी आला की डोळ्यांपुढे बर्फ यायचा. उन्हाळा गेला, पानगळ गेली, हाती काही लागलं नाही. अगदी रडकुंडीला येऊन तिनं योखेवेदला विचारलं, आईशी बोलू तरी कशी? योखेवेद फ्रेदाकडे बघत हळूच म्हणाली, “मला विचारू नकोस. मी माझ्या आईला मुकं केलंय.”

नाताळच्या आधी शहराच्या याफा दरवाजापाशी यात्रेकरूंची मोटार लागली. शेवटून एक ठेंगणी, वाळकी बाई काळा रुमाल सावरत उतरली. तो चेहरा सेर्पुहीनं ओळखला. ओठही तेच, हलणारे.

बाई जवळ आली. शाळेत धडा म्हणायला उभं करावं तशी हात बाजूला सरळ ठेवून उभी राहिली. आणि आर्मेनियनमध्ये, एकेक शब्द नीट जागच्या जागी ठेवत, म्हणाली, “मी तुझी आई आहे. माझं नाव तुर्वांदा आहे. तुला भूक लागली आहे का?”

सेर्पुहीला वाटलं, आपल्यालाच भास होतोय.

बरोबर आलेली ती ईस्टरची यात्रेकरू बाई डोळे पुसत सांगू लागली. लेकीला तुर्की येत नाही हे माझ्याकडून कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही छावणीच्या शाळेत जाऊन पहिलीच्या बाकावर बसली. पोरं हसली, बायकांनी ‘म्हातारपणी हे काय थेर’ म्हणून टोमणे मारले. ही बधली नाही. दिवसभर लोकांच्या गोधड्या शिवायची आणि धडे पुटपुटायची. रात्री शेजारच्या पोरांना गूळ देऊन शब्द विचारायची.

केवढं हे! ज्या भाषेनं आजवर हिला फक्त ‘आमेन’ दिलं, ती भाषा हिनं ईस्टरपासून नाताळपर्यंत उचलून आणली होती. मठातल्या सगळ्या पोथ्या एका पारड्यात टाकल्या असत्या तरी सेर्पुहीला त्या क्षणी ही तीन वाक्यं जड वाटली असती. तिनं आईला मिठी मारली. बोलावं तर हुंदके आवरेनात, भाषा कुठलीच सुचेना.

तुर्वांदा तिच्या पाठीवरून हात फिरवत थांबली. मग कानाशी, जरा ओशाळून, म्हणाली, “मला एवढंच येतं. पुढचं तू शिकव.”