सगळं इथल्यासारखंच

नवऱ्याच्या कंपनीनं बंगळूरच्या इंदिरानगरमधलं ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि त्याच्या टीमला सांगितलं, मलेशिया, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलिया, यातलं एक निवडा. नाहीतर दुसरी नोकरी बघा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न कधी आलाच नाही, फक्त कुठे जायचं एवढाच उरला.

मी तेव्हा बोम्मसंद्र्यात एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. सकाळी राजाजीनगरहून कंपनीची बस पकडायची, शहराचं एक टोक ते दुसरं टोक, आणि संध्याकाळी तेवढंच परत. घरी आल्यावर चपलेचा पट्टा सोडायला वाकणंही जिवावर यायचं. पर्स खाली ठेवते न ठेवते तोच नवरा लॅपटॉप पुढे सरकवायचा. "अगं, हे बघ. तिथे गणपती बसवतात." मी बघायची, मान हलवायची आणि कुकर लावायला जायची.

त्याची अट एकच होती. देश बदलला तरी आपलं जगणं बदलायला नको. वरण-भात हवा, ताजी भाजी हवी, आईंना सोसेल अशी हवा हवी. आयर्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो हे कळल्यावर ते मागे पडलं. ऑस्ट्रेलिया आईंच्या गुडघ्यांना लांब पडेल म्हणून गेलं. उरलं मलेशिया. तिथल्या बाजारांचे व्हिडिओ तो जेवताना लावायचा. कढीपत्त्याच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, इडलीचं तयार पीठ. "सगळं इथल्यासारखंच आहे गं," असं तो इतक्या वेळा म्हणाला की मला ते ऐकू येईनासं झालं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या. मी निपाणीकडची, मला मराठीइतकीच कन्नड येते. सुरुवातीला मी त्यांना चार शब्द शिकवायला गेले, तर म्हणाल्या, "या वयात मला शाळेत घालू नकोस." शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी जिन्यावर त्यांच्याजवळ येऊन बसायच्या. अक्का कन्नडमध्ये बोलायच्या, आई मराठीत. मला वाटायचं, दोघी नुसती एकमेकींना सोबत करतात.

होकार कळवण्याआधी एकदा बघून यावं म्हणून आम्ही तिघं क्वालालंपूरला गेलो. घरं दाखवायला एक तमिळ बाई आल्या होत्या, उंच, केसांत पांढरा गजरा. एका उंच इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटचं दार उघडून त्यांनी आधी आईंसाठी खुर्ची ओढली आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. जेवण झालं का, असं असावं.

आई म्हणाल्या, "आयतु, आयतु. नीरु स्वल्प कोडी."

झालं जेवण, थोडं पाणी द्या. जिन्यावर अक्कांकडून आईंनी कन्नड कधी उचलली, आम्हाला कळलंच नव्हतं. बाईंना सगळं नाही तरी पाणी हवंय एवढं कळलं. त्यांनी पिशवीतली बाटली काढून दिली. मग आईंनी हातवारे करून गुडघ्याचं सांगितलं, बाईंनी त्यांच्या आईच्या गुडघ्याचं सांगितलं. अर्धं तमिळ, अर्धं कन्नड, मध्येच मराठी. दोघी हसत होत्या. "बघ," नवरा मला म्हणाला, "आईचंसुद्धा जमलं. आता तुला कसली काळजी?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. कोरा ओटा, रिकामी कपाटं, न लावलेला गॅस. त्या ओट्याकडे बघता बघता मी तिथेच फरशीवर बसले.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"अगं, पण सगळं इथल्यासारखंच..."

"इथल्यासारखं आपोआप होत नाही रे. बंगळूर आपल्यासारखं झालं ते मी केलं. ज्वारी दळणारी गिरणी मी शोधली. आईंशी हिंदीत बोलेल असा डॉक्टर मी शोधला. पाण्याच्या टँकरवाल्याशी मी भांडले, घरमालकाच्या विनवण्या मी केल्या. तू ऑफिसातून यायचास तेव्हा घरात तुझं पुणं तयार असायचं. आता पुन्हा पहिल्यापासून? माझ्यात तेवढं उरलेलं नाही."

ओरडले नव्हते मी. ओरडायलाही ताकद लागते. त्या तमिळ बाई शहाण्या, गॅलरीत निघून गेल्या. बोलल्या त्या आई.

"दमलीय ती. मी आले त्या वर्षापासून बघतेय. तुला दिसलं नाही एवढंच."

हॉटेलवर परतताना टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर गाड्या बंगळूरसारख्याच खोळंबल्या होत्या, फक्त हॉर्न वाजत नव्हते. हॉटेल जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "मी आधी एकटा येतो. घर मी लावतो. लागलं की तुम्ही या."

"जमेल तुला?"

"माहीत नाही."

हे उत्तर मला आवडलं. त्याच्या तोंडून ते क्वचितच येतं.

तो गेला त्याला आता काही महिने झाले. मी कारखान्यात राजीनामा दिलाय, पुढच्या महिन्यात आम्ही दोघी निघतोय. आईंनी अक्कांना सांगितलं तेव्हा अक्का नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या. दोन दिवस जिन्यावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, पण कुणीच तो विषय काढला नाही.

मला जाण्याचा आनंद नाही आणि दुःख म्हणावं तर तेही नाही. रविवारी दुपारी पंखा लावून मी आडवी होते आणि कुणी उठवायला येत नाही, हेच सध्या पुष्कळ वाटतं. परवा अशीच पडले होते, तेवढ्यात त्याचा फोन आला. तिथलं कपडे धुण्याचं मशीन गळत होतं. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. शेवटी रजा काढून हा घरी थांबला. माणूस आला संध्याकाळी, आणि तोही चुकीचा भाग घेऊन.

"पूर्ण दिवस गेला गं त्यात," तो म्हणाला.

"जातो," मी म्हटलं.

त्याच्याकडे पाऊस पडत असावा, फोनमधून आवाज येत होता.