बोटं कापलेला ठसा

पायाच्या मापाचे लाकडी फर्मे, शाईचा रूळ, तळव्याचा ठसा घ्यायची रबरी पाटी आणि खिळा न ठोकता नुसत्या शिवणीवर टिकणारी चप्पल. एवढं मी माझ्या हातांनी केलं. शाळा चौथीपर्यंत; बाकीचं टायर कापत शिकलो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एका इंग्रजी शोधनिबंधाचा अर्थ सांगितला होता. महारोगानं पाय बधिर होतो, भार एकाच जागी पडतो, कातडी फाटते आणि माणसाला कळतही नाही. त्यावरून मी वर मऊ रबर, खाली टायर अशी चप्पल बसवली. दिसायला अगदी बाजारातली, म्हणजे कोणी ओळखू नये. आता डॉक्टरांना पुरावा हवा होता: चपलेआधीचे ठसे आणि नंतरचे. ते गोळा करायला निघालो.

अमरावतीहून चांदूर बाजारची सकाळची मोटार घ्यावी. दुपारी उभं राहायला जागा नसते. वलगावपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी होतात. स्टँडवरचे आलुबोंडे गरम असतील तरच खावेत. तिथून बैलगाडीनं एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

माझ्या चपलेनं जिची जखम भरली ती बाई शेतातलं निंदण आटोपून आली होती. मी नवा ठसा घेतला. तिनं चपलेआधीच्या ठशाचा जुना कागद हातात धरला.

"भाऊ, हे अकोल्याले नेता? माह्या पोरीची सोयरिक होऊन राहिली. पाव्हण्याईले समजलं तं?"

"नाव कापून टाकतो."

"नावाचं काय घेऊन बसले? बोट नसलेला पाय गावात माह्या एकलीचाच हाय."

कोणतं बोट, तेही लिहीत नाही. पण माझ्याजवळ याहून चांगला पुरावा नव्हता.

"कापा न मंग बोटं! कागदाले रगत निघते का?" बाई हसली. "खालचा तळवा न्या. कोनाच्या कामी आला तं येऊ द्या."

मी दोन्ही कागदांवर कात्री चालवली. कापलेल्या पट्ट्या तिनं स्वतः चुलीत घातल्या आणि त्याच चुलीवरची भाकर, अंबाडीची भाजी मला वाढली. पोटभर जेवलो.

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोला. मूर्तिजापूरला गाडी रेंगाळते, चहा तिथेच घ्यावा. जठारपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठसे उजेडात धरले.

"अहो मिस्त्री, बोटं कुठायत?"

"मालकिणीजवळ."

"नाव नाही, गाव नाही. विश्वास कशावर ठेवू?"

"माझ्यावर नकाच ठेवू. चपला तुमच्या रोग्यांना द्या, ठसे तुम्हीच घ्या. पण त्यांना विचारून."

पहिल्या ठशात जखमेचा कोरा खड्डा, दुसऱ्यात तो भरलेला. डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच पाहत राहिले. मग म्हणाले, "आणलेले चपलांचे सगळे जोड ठेवून जा."

आता घरी नव्या फर्म्यांचं लाकूड आणून ठेवलंय, काम वाढणार. बाईची पोर सासरी सुखात आहे. अकोल्याची एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. दवाखान्यात बसलेले, महारोगावर तेल विकणारे एक दुकानदार माझ्यामागून रस्त्यावर आले. "ज्यांना चपला दिल्या त्यांची नावं-गावं सांगा, मिस्त्री. आमची माणसं घरोघरी तेल पोचवतील." तेलवाला दारात उभा राहिला की साऱ्या गावाला कळणार. मी नाही म्हणालो. त्या नावांचे ते पाचशे रुपये रोख देत होते.