शून्यावर विश्वास न ठेवणारी संगीताताई

संगीताताई आज सकाळी गेली.

तिच्या भावाचा फोन आला आणि मी काय म्हणाले? "परत एकदा चेक करा ना!"
तो बिचारा काय चेक करणार. हार्ट अटॅक होता.

पण ही सवय तिनंच लावली आम्हाला.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात ताई डेटाबेस सांभाळायची. राज्यातलं एकेक घर म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, आणि असे लाखो ठिपके एकाच टेबलात.

एका पावसाळ्यात सोयगावकडं नदी फुगली. पुराच्या कंट्रोल रूमला एकच हवं होतं: पुराच्या रेषेच्या आत घरं कुठली? माणसं हलवायची होती.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, लावली की नुसती फिरत बसायची, एकेक ठिपका तपासत. साहेब डोक्यावर उभे.

ताईनं इंडेक्स टाकला. म्हणजे आधी त्या भागातलेच ठिपके उचलायचे, बाकी राज्याकडं बघायचंच नाय.

एंटर. चटकन उत्तर.
शून्य घरं.

मी टाळी वाजवली! साहेब म्हणाले, "व्वा! एकही घर नाही. पाठवा रिपोर्ट."

ताई जागची हलली नाही.
"सर, माझं माहेर त्या नदीला लागून हाय. शून्य कसं येईल?"

"मॅडम, ते लोक लाईनवर थांबलेत!"

"थांबू द्या. चुकीचं लवकर सांगून काय करू? आई हाय माझी तिथं."

आईचा फोन लागत नव्हता. ताईनं माहेरच्या घराचा ठिपका नकाशावर काढला.

युरोपच्याही वर, बर्फाच्या समुद्रात!

त्या तालुक्याचा डेटा देणाऱ्या शहाण्यानं अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली होती. अख्खा तालुका समुद्रात, आणि आम्ही इथं टाळ्या पिटतोय. लई संताप झाला माझा.

ताईनं तेवढ्या तालुक्याचे आकडे सरळ केले. क्वेरी परत लावली. साहेबांचा फोन वाजत राहिला.

मग यादी उतरायला लागली. घरामागून घर. ताईचं माहेरही.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना शाळेत हलवलं. आईचा फोन आला, "अगं, शाळेत हाय मी. शेळी बी आणलीय." तेव्हा कुठं ताई टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

डोळे पुसत मला म्हणाली, "उत्तर शून्य आलं की खूश व्हायचं नाय. दोनदा बघायचं."

ताई, दुपारी तुझ्या घरी आले. तुझी आई उशाशी बसलेली. मी तुला हाक मारली.
तुला उचलायच्या आधी परत मारली.

दोनदा बघितलं गं.

जा ताई. आईकडं आम्ही बघतो.